नोकरी सुटल्यावर घराचा हिशेब

(मंडळाच्या उत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीसमोर बोलायला सहसा विद्वान माणसे बोलावली जातात. यंदा कार्यकारिणीने मला बोलावले आणि विषयही असा दिला की, घरातसुद्धा आपण तो दार लावून बोलतो. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, रेलपथ विभागात भोपाळ-इटारसी मार्गावर रूळ सांभाळतो. मंडीदीपवरून माझे नेहमीच जाणे-येणे असते. तिथल्या कारखान्यांच्या भोंग्यांवर आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल पेटते, हे मला ठाऊक आहे. आणि भोंगा बंद झाला की त्या घरात काय होते, हेही मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच हा विषय मी स्वीकारला.

आपण रेल्वेवाले समजतो की नोकरी जाणे हा खासगीवाल्यांचा प्रश्न आहे. पण जुन्या मंडळींना आठवत असेल. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला, वीस दिवस चालला आणि हजारो कामगारांना नोकरीतून काढले गेले. १९७७ मध्ये सरकार बदलले, आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्यांना परत घेतले गेले. मधली तीन वर्षे त्या घरांनी कशी काढली असतील? माझे वडील गँगमध्ये होते. ते सांगत की, ज्या घरात बाईला खरा आकडा माहीत होता ते घर तरले आणि ज्या घरात पुरुषाने आकडा खिशात ठेवला ते घर सावकाराकडे गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरांवर तीच वेळ आली. २०२० च्या टाळेबंदीत ती आपल्या शेजारी आली. तेव्हा ही वेळ कुणावरही येऊ शकते, एवढे पहिल्यांदा मान्य करू.

आमच्या खात्यात एक नियम आहे. रुळावर काही अपघात घडला, तर आधी डबा उचलायला धावायचे नाही. आधी लाइनचे रक्षण करायचे. ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर तीन फटाके लावून येणारी गाडी थांबवायची. का? कारण झालेले नुकसान झाले, पण त्यावर दुसरी गाडी येऊन आदळली तर मोठा अनर्थ होतो. नोकरी जाणे हा पहिला अपघात. घाबरून घेतलेले महागडे कर्ज ही मागून येणारी दुसरी गाडी. आज मला सांगायचे आहे ते हेच. नोकरी गेल्याने घर सहसा बुडत नाही, त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे केले जाते त्याने बुडते.

आता एक खरे उदाहरण देतो. माझा धाकटा भाऊ मंडीदीपच्या एका कारखान्यात अकरा वर्षे होता. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याची लाइन बंद झाली आणि त्याच्यासह बऱ्याच जणांना घरी पाठवले. त्याच्या परवानगीने मी हे आकडे सांगतो आहे. तो म्हणाला, "दादा, नाव नको, पण आकडे सांग. कुणाला तरी उपयोग होईल." त्याने आणि भावजयीने आईला हे सांगितले नव्हते. पण दूधवाल्याला अर्धा लिटर कमी सांगितले, त्याच दिवशी आईने ओळखले. नंतरच्या रविवारी आम्ही चौघे एक फुलस्केप कागद घेऊन बसलो.

त्याचा हातात येणारा पगार ४६,००० रुपये होता. आम्ही खर्च मांडला. किराणा ७,५००, दूध २,७००, लाइट बिल १,६००, गॅस ९००, मुलांची शाळा आणि ट्यूशन ५,०००, पेट्रोल ३,०००, फोन आणि नेट १,२००, दोघांची औषधे २,२००, सोसायटीचा मेंटेनन्स १,०००, विम्याचा हप्ता महिन्याला धरून १,८००. एकूण २६,९००. त्यावर हप्ते. घराचा १२,१५०, पर्सनल लोनचा ६,४००, मोटारसायकलचा ३,१००. म्हणजे २१,६५०. दोन्ही मिळून ४८,५५०.

लक्षात आले का? पगार ४६,००० आणि खर्च ४८,५५०. म्हणजे नोकरी असतानाच दरमहा २,५५० रुपये कमी पडत होते. ते कुठून येत होते? क्रेडिट कार्डातून. कार्डावर ६२,००० रुपये थकले होते आणि दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे २,१७० रुपये, नुसते व्याजाचे जात होते. कार्डाच्या बिलावर "किमान रक्कम" छापलेली असते. ती भरली की बँक गप्प बसते, पण व्याज गप्प बसत नाही. अकरा वर्षांत हा कागद कुणी मांडला नव्हता, कारण पगार येत होता. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, ज्यांची नोकरी आज पक्की आहे त्यांनीही घरी जाऊन हा कागद करावा.

मग आम्ही कात्री लावली. रेल्वेत रूळ दुरुस्त केला की गाडी बंद ठेवत नाहीत. कॉशन ऑर्डर देतात. आधी २० च्या वेगाने, मग ४५, मग हळूहळू पूर्ण वेग. घराचेही तसेच. सगळे बंद केले तर माणसे खचतात, मुले घाबरतात. किराणा ६,२०० वर आला, दूध १,८००, लाइट १,३००, फोन-नेट ७००. ट्यूशन बंद करून शाळेचे ३,५०० तेवढे ठेवले. शेजारचे निवृत्त मास्तर संध्याकाळी मुलांना बसवून घेऊ लागले. मोटारसायकल विकून तिचे कर्ज फेडले आणि भावजयीच्या जुन्या स्कूटीवर पेट्रोल १,२०० वर आणले. तीन गोष्टींना मात्र हात लावला नाही. औषधे, शाळेची फी आणि विमा. औषधात वाचवलेला पैसा दवाखान्यात तिप्पट जातो. आणि बेकारीच्या काळात विमा बंद पडू देणे म्हणजे पावसाळ्यात छत्री विकणे.

आता घरखर्च २०,६०० झाला आणि हप्ते १८,५५० राहिले. एकूण ३९,१५०. भावजयीने दुपारी लहान मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या, त्यातून ६,००० येऊ लागले. आई म्हणाली, "माझ्या पेन्शनीतून दूध आणि लाइट बिल माझ्याकडे." त्याचे ३,१००. भावाला ते आवडले नाही. आईने त्याला एवढेच विचारले, "मी या घरात पाहुणी आहे का?" त्यावर कोण काय बोलणार? आता दरमहा ३०,०५० रुपये लागणार होते.

हातात काय होते, तेही मांडले. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा हिशेब सोपा होता. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणायचे, २६ ने भागायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. त्याचे मूळ आणि महागाई भत्ता मिळून २२,००० होते, वर्षे ११. रक्कम झाली १,३९,६१५. नोटीसचा पगार आणि शिल्लक रजेचे मिळून ६१,०००. बँकेत ५८,०००. सगळे मिळून २,५८,६००. त्यातून पहिल्याच दिवशी कार्डाचे ६२,००० चुकते केले. उरले १,९६,६००. त्याला ३०,०५० ने भागले तर साडेसहा महिने.

बंधूंनो, तो साडेसहाचा आकडा कागदावर आला तेव्हा भाऊ त्या महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवला. त्याआधी त्याला वाटत होते की उद्याच सगळे संपणार. कर्ज कितीही असो, त्याला आकडा आणि तारीख मिळाली की रात्री झोप लागते.

कार्ड आधी का फेडले, असे काही नातेवाइकांनी विचारले. हातातला पैसा का घालवता म्हणाले. उत्तर सोपे आहे. तो पैसा बँकेत ठेवला असता तर वर्षाला सात टक्के मिळाले असते की नाही ही शंका, आणि कार्ड वर्षाला बेचाळीस टक्के खात होते. मात्र हेही सांगतो की, कार्ड फेडल्यावर दोन महिन्यांचाही खर्च हातात उरत नसेल तर सगळे एकदम फेडू नका. बँकेशी बोलून त्याचे हप्ते पाडून घ्या.

आता कुणाचे आधी द्यायचे, हा खरा प्रश्न. साधारणपणे जो जास्त ओरडतो त्याला आपण आधी देतो. हे उलट आहे. क्रम आपण ठरवायचा. आधी अन्न, औषध, वीज आणि शाळा. मग विमा. मग घराचा हप्ता, कारण त्याला छप्पर तारण आहे. त्यानंतर पर्सनल लोन आणि कार्ड. हप्ता चुकणार असे दिसले तर चुकण्याच्या आधी बँकेत जावे, लेखी अर्ज द्यावा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का हे विचारावे. बँकेने मानलेच पाहिजे असे नाही, पण आधी येणाऱ्या माणसाचे बँक ऐकते. फक्त एक ध्यानात ठेवा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. पुष्कळांना वाटले की तेवढे माफ झाले. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते.

वसुलीच्या फोनला फार घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांसमोर अपमान करायचा नाही. तसे झाले तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला वकील लागत नाही आणि फीही नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते बुडीत वर्गात जाते. तारण घरावर सरफेसी कायद्याखाली कारवाई करायची असेल तर बँकेला आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे एक हप्ता चुकला की उद्या कुलूप लागते, असे नाही. पण म्हणून नोटीस न उघडता कपाटावर टाकायची, असेही नाही.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपपासून दूर राहा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घातले की, कर्जाची रक्कम थेट ग्राहकाच्या बँक खात्यात आली पाहिजे आणि ॲपने तुमच्या फोनमधली नावे-नंबर व फोटो पाहायचे नाहीत. जे ॲप तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागते, ते कर्ज देण्याआधीच तुमची अब्रू गहाण मागते आहे. अगदीच गरज पडली तर बँकेत सोने तारण ठेवा. मुंबईत गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णाचे काम उभे केले आणि त्यांना बँकेच्या दारात नेले. पन्नास वर्षांपूर्वी अंगठा लावणाऱ्या बायका बँकेत जाऊ शकल्या, तर आपण का लाजावे?

सरकारी तरतुदीही माहीत हव्यात. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी ईएसआय कार्यालयात जाऊन अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. २०१८ पासूनची ही योजना आहे, बेकारीत ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मी मदत मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नोकरीतून काढल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा असे आहे, आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी धरली आहे. आपल्या ठेकेदारांकडच्या मुलांना हे सांगा, त्यांना कुणी सांगत नाही.

पीएफचे पैसे मात्र शेवटी. भावाने त्याला हात लावला नाही. काढायचेच झाले तर पोर्टलवर आजचा नियम पाहून काढा, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने हे नियम बदलायचे ठरवले आहे. आणि पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ज्यांची दहा पूर्ण नाहीत त्यांनी पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्यावे, म्हणजे जुनी सेवा पुढच्या नोकरीला जोडली जाते.

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. घरात कुणाची नोकरी गेली की सगळ्यांची नजर आपल्याकडे वळते. "तू रेल्वेत आहेस, तुला पर्सनल लोन लगेच मिळेल." मलाही हे सांगितले गेले. मी भावाला म्हणालो की, माझ्या नावावर कर्ज काढले तर आज एक घर अडचणीत आहे, उद्या दोन होतील. जामीन राहण्याचेही तसेच. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी कुणाला धरेल हे ती ठरवते. शिवाय आपल्या सेवा-आचरण नियमांत सतत कर्जबाजारी राहणे हा दोष धरला आहे. मग मदत करायची नाही का? जरूर करायची. पण आपल्या ऐपतीतून, एका ठरावीक गोष्टीसाठी आणि परतीची वाट न पाहता. नोकरी सुटली त्या दिवशी भावाच्या कुटुंबाचा कंपनीचा आरोग्य विमा संपला होता. मी त्यांच्या नव्या विम्याचा एका वर्षाचा हप्ता भरला. त्यानंतर आमच्यात पैशाचा विषय निघाला नाही, आणि राखी, दिवाळी पूर्वीसारखी झाली. कर्ज दिले असते तर तसे झाले असते का, मला शंका आहे.

पाच महिन्यांनी त्याला नोकरी लागली. पगार ३४,०००. म्हणजे आधीपेक्षा १२,००० कमी. तेव्हा त्याच्या खात्यात ४६ हजारांच्या आसपास शिल्लक होती. त्याने खर्चाची नवी पट्टी तशीच ठेवली, भावजयीच्या शिकवण्या चालू राहिल्या, आईचे ३,१०० परत आईकडे गेले. चाळीस हजार येतात, ३९,१५० लागतात. पगार कमी झाला, पण दर महिन्याला कार्डावर जाणारी तूट गेली. ट्यूशन अजून सुरू केलेली नाही. मोटारसायकलही नाही. तो बसने मंडीदीपला जातो. सगळे पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. पण घर त्याचे आहे आणि दारात कुणी येऊन उभे राहत नाही.

शेवटी आपल्या मंडळाविषयी बोलतो. कुणाला राग आला तर क्षमा असावी. आपल्यातलेच एक कुटुंब सलग दोन वर्षे आरतीला आले नाही. आपल्याला वाटले गावी गेले असतील. नंतर कळले की नोकरी गेली होती आणि वर्गणीचा आकडा पाहून त्यांनी येणेच बंद केले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहतो आपण. मुलांच्या कानावर चार मराठी शब्द पडावेत म्हणून हा उत्सव. आणि ज्या वर्षी माणसाला माणसांची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी आपली पावती त्याला दारातून परत पाठवते. हे बरोबर आहे का?

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, वर्गणी गोळा करणाऱ्या मुलांना सांगावे की, कुणी "यंदा नाही" म्हटले तर कारण विचारू नये, प्रसादाचे निमंत्रण मात्र नक्की द्यावे. ज्याला पैसे देता येत नाहीत तो मांडव घालू शकतो, पंगतीत वाढू शकतो, मुलांचे नाटक बसवू शकतो. दुसरी, भेटल्यावर "मग, लागली का नोकरी?" असे विचारू नये. कुठे जागा निघाल्याचे कानावर आले असेल तर तेवढे सांगावे. भावाची नोकरी अशीच, एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितल्यामुळे लागली. तिसरी, आपल्या मंडळात बँकेतले आहेत, पीएफचे काम जाणणारे आहेत, वकील आहेत. उत्सवाच्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी एक तास त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसावे. ज्याला कागद दाखवायचा आहे त्याने शांतपणे यावे. पैसे लागत नाहीत, दोन खुर्च्या लागतात.

पहिल्या संध्याकाळी त्या टेबलाशी मी बसेन. फुलस्केप कागद आणि पेन माझ्याकडे असेल.

 गणपती बाप्पा मोरया.